बिनबर्फाची पाती

अख्ख्या वऱ्हाडात बर्फावर नाचायच्या बुटांची पाती नीट बसवून देणारा माणूस एकच, आणि तो माझा साळा. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत तसले बूट कोणाच्या पायात नव्हते आणि बर्फ दिसायचा तो उसाच्या रसाच्या गाडीवर, पण त्याचं त्याला काही नव्हतं. तरणा असताना घरात भांडून तो शिमल्याकडे पळाला. तिथे गोठलेल्या मैदानावर लोक भाड्याचे बूट घालून घसरत खेळतात. ते बूट पुसायचं आणि त्यांच्या पात्यांना धार लावायचं काम त्याने धरलं. बऱ्याच वर्षांनी परतला तो एक ट्रंक घेऊन. बहीण, म्हणजे माझी बायको, धावत गेली. भावाने शाल आणली असेल असं तिला वाटलं. ट्रंकेतून निघाले पांढऱ्या कातड्याचे बूट, खाली लांब लोखंडी पाती मारलेले. "मी काय आता इळ्यावर उभी राहू?" ती म्हणाली. "राहशीन बाई, एक दिवस राहशीन," तो म्हणाला, आणि लगेच उकिडवा बसून तिचे पाय पाहायला लागला.

माणसाचं तोंड त्याने कधी पाहिलंच नाही. तुम्ही रामराम घातला तर तो तुमच्या गुडघ्याला उत्तर द्यायचा. चहाला आला की आधी उंबऱ्यातल्या सगळ्यांच्या चपला उलट्या करायचा आणि कोणाची टाच कुठे झिजली ते सांगायचा. त्याचं एक शास्त्र होतं. "पात्याले दोन कडा असते, भाऊजी. एक उंच, एक ठेंगणी झाली का माणूस एका अंगाले झकास वळते अन् दुसऱ्या अंगाले आपटते. मंग म्हणते, पाय खराब. पायाले काहून बदनाम करता? पातं पाहा." बुटाचं पातं वर करून त्यावर तो आडवं नाणं ठेवायचा, नाणं कलतं झालं की कड बिघडलेली. धार आहे का ते बघायला त्यावर अंगठ्याचं नख ओढायचा. बर्फ नसल्यामुळे हे सगळं तो दुसऱ्या गोष्टींवर चालवायचा. डुगडुगणारी खाट असो, एका बाजूला ओढणारी सायकल असो, शेजारच्या नवराबायकोचं भांडण असो, याचं निदान तयार: "एक कड ठेंगणी झाली." एका लग्नात तर मंगल कार्यालयाच्या दारात बसून वऱ्हाड्यांच्या चपला उलट्यापालट्या करत होता. मुलीकडच्यांनी चोर म्हणून धरला. मी सोडवायला गेलो, तर हा त्यांनाच सांगून राहिलेला, "नवरदेव टाचेवर चालते. स्टेजवर चढतानी मांगं पडन, धरजा." नवरदेव काही पडला नाही. धरायला दोघं मागे उभे होते म्हणून नाही पडला, हे साळ्याचं म्हणणं अजून कायम आहे.

कापसाचे ते वाईट दिवस होते. मी ज्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या गिरणीत, पोती वाहायचो, तिथे गाड्या यायच्या बंद झाल्या. मालकाने यंत्रांना कुलूप घातलं आणि मला चौकीदार ठेवलं. कापूस वाळवायचं मोठं सिमेंटचं अंगण रिकामं पडलं, ते साळ्याने बरोबर हेरलं. मालकाला विचारून संध्याकाळी तिथे चाकांचे बूट घालून पोरं फिरवायला लागला. "खाली पाहू नका रे, खाली पायलं का पडलेच समजा," एवढंच ओरडायचा. त्या काळात जिल्ह्यातली मोठी माणसंही खाली पाहूनच चालत होती. त्यांच्यावर कोण ओरडणार?

तशात माझ्या बायकोला लकवा आला. औषधपाण्याने हात सुधारला, पायही सुधारला. डॉक्टर म्हणाले, पायात जोर आहे. पण ती भिंत सोडेना. मोरीत जायचं तर भिंत धरून, चुलीपाशी जायचं तर भिंत धरून. दारापुढची तुळस माझ्याच हातून पाणी प्यायला लागली. मी चिडायचो. ती म्हणायची, "मी आता या भिताडाचीच बायको हाओ, तुमची नाही." हसायची, पण डोळे भरायचे. आता ही घराबाहेर पुन्हा पडत नाही, असं मी मनात धरून बसलो.

साळा आला. तब्येत विचारली नाही. तिच्या चपला उलट्या केल्या, तिला भिंतीकडेने चालवली आणि म्हणाला, "बाई, पाय नाही बिघडला तुहा. तू जमिनीकडे पाहून राहिली. तुले बर्फ पाह्यजे."

"तुले येड लागलं काय बे?" मी म्हणालो. "जमिनीवर जे उभी राहत नाही, तिले बर्फावर उभी करतं?"

"जमिनीवर तिले भेव वाटते, भाऊजी. बर्फावर भ्याले टाइमच नाही भेटत."

आणि भर वैशाखात, ऊन उतरल्यावर, त्याने कारखान्यातून बर्फाच्या लाद्या जिनाच्या अंगणात आणून उतरवल्या. खाली सरकीची टरफलं, त्यावर ओलं बारदान, त्यावर लाद्या एकाला एक भिडवून. बायकोला रिक्षातून आणली. तिला हसू आवरत नव्हतं, म्हणून तर ती आली. पांढरे बूट तिला चढवले, एका बाजूने मी धरली, दुसऱ्या बाजूने त्याने. उभी राहिली आणि डावा घोटा आत कोसळला. त्याने तिला खुर्चीत बसवलं, डावा बूट काढला, नाणं ठेवलं, नख ओढलं, पेचकसाने पातं सूतभर आत सरकवलं. इकडे लाद्यांचं पाणी बारदानातून वाहून चाललेलं. "अरे आटप, माहा दवाखाना वितळून राहिला!" बायको ओरडली. पुन्हा उभी केली. आता घोटा सरळ, पण सगळं अंग माझ्याकडे कललं. त्याने पुन्हा वाकून पाहिलं. या खेपेला बूट पाहिला नाही, माझा हात पाहिला.

"भाऊजी, सोडा."

"पडन ते!"

"तुमीच तिले तिरपी करून राहिले. सोडा."

मी सोडला. त्यानेही सोडला. ती समोर जिनाच्या धुराड्याकडे पाहत ताठ उभी. मग वीतभर घसरली. एकटी. "अहो, पाहा ना!" म्हणाली. तेवढ्यात लादी मधोमध तडकली आणि ती खालच्या पाण्यात बसकण मारून लुगड्यासकट भिजली. इतकी हसली की रिक्षावालाही उतरून पाहायला आला.

दुसऱ्या दिवशी तुळशीला तिने पाणी घातलं. बर्फाने झालं की हसण्याने, मला कळत नाही. पुढे ती होती तोवर रोज संध्याकाळी आम्ही दोघं त्या अंगणात फेऱ्या मारायचो. ती माझ्या डाव्या हाताला. धरायची नाही, बाजूला चालायची.

ती गेली, त्यात तिच्या पायांचा दोष नव्हता. आता फेऱ्या मी एकटाच मारतो. परवा साळा आला. केस पांढरे झाले, खोड गेली नाही. उंबऱ्यात बसून माझ्या चपला उलट्या केल्या. डावी चप्पल बाहेरच्या अंगाने पार झिजून गेलेली. खिशातून चामड्याचा तुकडा काढला, टाचेला लावून पाहिला, सुईत दोराही ओवला. मग झिजलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"बाईच्या अंगाले कलून चालता तुमी अजून," म्हणाला.

मला वाटलं, आता हा म्हणेल, भाऊजी, सोडा.

त्याने दोरा गुंडाळला, चामडं खिशात घातलं आणि चपला होत्या तशा सरळ करून उंबऱ्यात ठेवल्या.