खेमजीचा रुमाल आणि आप्पांचा खटला

कोर्टात पुकारा करणाऱ्या शिपायाला कोणी काही विचारत नाही. पण सगळे त्याच्याजवळच उभे राहून बोलतात. तीस वर्षं मी दाराशी उभा होतो. अर्धं बोलणं आज कानावर पडायचं आणि उरलेलं अर्धं पुढच्या तारखेला! असे किस्से साठत जातात. मी सातवीपर्यंत शिकलेलो, भरभर बोलताही येत नाही, म्हणून कोणाला सांगितले नाहीत. आता रिटायर होऊन ब्राह्मणपुरीला घरच्या ओट्यावर बसतो. वेळच वेळ आहे. सगळे नाही सांगत, एकाच केसचे सांगतो. कोर्ट कोणतं, ते विचारू नका.

*

मोलगीकडच्या एका पाड्यावरचा खेमजी. त्याचा बाप नोवा वारला. बापाच्या जमिनीवर आपलं नाव लागावं म्हणून खेमजीने तलाठी आप्पांकडे अर्ज दिला. आप्पांनी आधी एक कोंबडा घेतला. मग पाचशे रुपये मागितले.

खेमजीने तेही दिले असते. पण आप्पा बोलून गेले, "कोंबडा बारीक व्हता तुन्हा!"

ते त्याला लागलं. घरातला सगळ्यात मोठा कोंबडा होता तो. खेमजी जीपच्या टपावर बसून थेट जिल्ह्याला गेला आणि तक्रार देऊन आला.

पुढे कोर्टात वकिलाने विचारलं, "तुझी तक्रार नेमकी कशाची?"

खेमजी म्हणाला, "कोंबड्याची."

*

आप्पांना पकडायला लाचलुचपत खात्याचं पथक आलं. नोटेला पावडर लावली. खूण ठरली: आप्पांनी पैसे घेतले की खेमजीने डोक्याचा रुमाल काढायचा.

आता खेमजीकडची माणसं साहेबासमोर जाताना काय करतात? डोक्याचा रुमाल काढतात! मान म्हणून. खेमजीने उंबऱ्यात पाय ठेवला आणि सवयीने रुमाल काढला. पाच जण धाडकन आत! नोट अजून खेमजीच्याच खिशात. आप्पा चष्म्यावरून बघताहेत.

पथकाचे साहेब हुशार. म्हणाले, "सातबारा पाहिजे होता."

"पाच जन एक सातबाराले?" आप्पा म्हणाले. "बरं, बठा. चहापानी लागी."

साहेबांनी गुपचूप पन्नास रुपये काढून दिले. त्या नोटेला पावडर नव्हती!

*

चार दिवसांनी पथक पुन्हा आलं. या वेळी खूण उलटी केली: पैसे घेतले की रुमाल बांधायचा. आप्पा सापडले. हात पाण्यात बुडवले, पाणी गुलाबी झालं. पुरावा म्हणून सगळं जप्त झालं. नोट, पाण्याच्या बाटल्या आणि खेमजीचा अर्जसुद्धा.

त्या अर्जाला एक कागद टाचलेला होता. नोवा कधी वारला, ते गावच्या पोलीस पाटलाने लिहून दिलं होतं. नोवाच्या मरणाची दुसरी नोंद कुठेच नव्हती. पुढे तो पाटीलही वारला.

आप्पांच्या जागी नवीन तलाठी आला. तो म्हणाला, "मूळ कागद आण, नोंद करतो." खेमजी कोर्टात आला. तिथे सांगितलं, "तो पुरावा आहे. केस संपल्यावर मिळेल." मी धडपड करून त्याला नक्कल काढून दिली. तलाठ्याने ती उलटीसुलटी केली आणि परत दिली.

"ही नक्कल आहे, बाबा. तुझा बाप मूळ मेला ना?"

*

खेमजीला दर तारखेला यायची गरज नव्हती. पण आपण नसताना कागद परत दिला तर? म्हणून तो यायचा. अंधारात पाड्यावरून चालत मोलगीला, तिथून जीप, मग एसटी. तारीख पडली की तसाच परत.

यादीत त्याचं नाव नसायचं. पण इतक्या लांबून आलेल्या माणसाचं नावही कोणी घेऊ नये, हे मला बरं वाटेना. मी दाराशी जाऊन पुकारायचो, "खेमजी नोवा वसावेऽऽ, हाजर हो!" तो रुमाल काढून उठायचा. "हाजर."

एकदा जजसाहेबांनी विचारलं, "याचं आज काय काम?"

"काही नाही, साहेब. आला आहे."

खेमजी मला म्हणायचा, "दादा, मन्हा बापनं नाव तू मोठं घेस. असं कोनी घेत नही."

*

फिर्यादी आणि आरोपी एकाच बाकावर बसायचे. दुसरा बाकच नव्हता! पहिल्या वर्षी मध्ये माझी पिशवी ठेवायचे. तिसऱ्या वर्षी तंबाखूची डबी एक झाली. आप्पा पार वाळले होते. मुलीचं जमलेलं लग्न मोडलं होतं. आपण भ्यायलो असतो तसेच ते भ्यायले होते.

एकदा म्हणाले, "खेमजी, तू तवयच तोंडवर सांगतास ना, का कोंबडा चांगला व्हता, मी फुकट नोंद करी देतू."

"मंग आते करी द्या, आप्पा."

आप्पांनी डबी उघडून तंबाखू मळली. मग म्हणाले, "आते मी सस्पेंड शे ना, भो!"

*

पंच म्हणून एका दुसऱ्या खात्यातला क्लार्क होता. बाहेर बाकावर त्याला सगळं आठवायचं. पाणी कसं गुलाबी झालं, आप्पांना घाम कसा फुटला, पथकाच्या गाडीत कोणी कोणी शेव खाल्ली! आत पिंजऱ्यात चढला आणि प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर: "आठवत नाही."

बाहेर आल्यावर मी हळूच विचारलं, "भाऊ, काय व्हयनं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "मन्ही बी एक फाईल अडकेल शे, दादा."

*

मग बाटल्या काढल्या. लाखेचं सील तसंच होतं, सह्याही जागेवर होत्या. बाटलीतलं पाणी मात्र नितळ! इतक्या वर्षांत रंग उडून गेला होता.

आरोपीचे वकील बाटली उजेडात धरून म्हणाले, "साहेब, हे तर प्यायचं पाणी दिसतंय."

सरकारी वकील म्हणाले, "रिपोर्टमध्ये गुलाबी लिहिलं आहे."

जजसाहेब एकदा बाटलीकडे बघत, एकदा रिपोर्टकडे. खेमजी पाठीमागून मला विचारत होता, "दादा, मन्हा कागद बी असाच पुसायी जाई का?"

*

खेमजीची साक्ष आली. पिंजऱ्यात चढताना त्याने रुमाल काढून हातात घेतला.

आरोपीच्या वकिलाने विचारलं, "खूण काय ठरली होती?"

"रुमाल काढाना."

"पंचनाम्यात तर बांधायचा लिहिलंय!"

"ती दुसरी येळनी."

"म्हणजे तू कधी काढतोस, कधी बांधतोस." वकील वळले. "साहेब, या माणसाने आत्ता आपल्यासमोर रुमाल काढला आहे. आता इथे पैसे कोणी घेतले?"

सगळं कोर्ट हसलं. जजसाहेबही हसले. सगळे हसताहेत म्हणून खेमजीही हसला. मीही हसलो. त्याची लाज मला अजून वाटते.

*

निकाल इंग्रजीत होता. संशयाचा फायदा देऊन आप्पांना सोडलं. आप्पा तिथेच बाकावर बसून रडले. खेमजीने त्यांना पाणी आणून दिलं.

मग माझ्याकडे आला. "काय सांगं साहेबनी?"

"आप्पा सुटले."

"आनि कागद?"

मी चौकशी केली. सरकार अपिलात जाणार होतं. खेमजीचा अर्ज वरच्या कोर्टात पाठवायच्या गठ्ठ्यात बांधला गेला होता. मी ती दोरी हातात धरून बघितली. सोडायचा अधिकार मला नव्हता.

खेमजीला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"तठे पुकारा कोन करस, दादा?"

"तिथला शिपाई."

"त्याले मन्हा बापनं नाव ठाऊक शे का?"

*

त्यानंतर मी रिटायर झालो. आप्पा कामावर परत घेतले गेले, त्यांची बदली दुसऱ्या तालुक्यात झाली. वरच्या कोर्टातून काही आलं नाही, खेमजीचा कागदही नाही.

मागच्या महिन्यात सकाळी ओट्यावर बसलो होतो. समोर खेमजी. केस पांढरे झालेले, हातात काठी. शहाद्याला उतरून ब्राह्मणपुरीपर्यंत विचारत विचारत आला होता. पिशवीतून त्याने कोंबडा काढला. चांगला मोठा.

मी घाबरलो. "अरे, हाऊ कसाले? मी आते काहीच करू शकत नही, खेमजी."

"ठाऊक शे," तो म्हणाला.

चहा झाला. त्याने गावाकडचं सांगितलं, मी गुडघ्याचं सांगितलं. अकरा वाजायला आले, कोर्ट भरायची वेळ, तसा तो उठला आणि अंगणात जाऊन उभा राहिला. डोक्याचा रुमाल काढला.

"दादा, एक डाव पुकार."

गल्लीत माणसं होती. सून दारात आली होती. मी भिंतीला धरून उठलो. आवाज आता पूर्वीसारखा राहिला नाही, तरी जेवढा होता तेवढा लावला.

"खेमजी नोवा वसावेऽऽ!"

"हाजर," तो म्हणाला. मग रुमाल बांधला, काठी घेतली आणि एसटी गाठायला निघाला.