कागद पालथा ठेवा

माझ्या नोटरी आत्याकडे सही करायला आलेल्या माणसाला आधी कागद पालथा ठेवावा लागतो. मग आत्या चष्म्यावरून बघते आणि म्हणते, "आता तोंडानं सांगा, यात काय लिहिलंय?" सांगता आलं तर सही, शिक्का, नोंदवहीत अंगठा. नाही आलं तर बाहेरच्या बाकावर बसून पुन्हा वाचायचं. लोक वैतागतात. बँकेच्या एका साहेबाला तिनं तीनदा बाकावर पाठवलं होतं. त्याचा तो लालबुंद चेहरा आठवला की मला अजून हसू येतं.

ही सवय तिला लावली तिच्या सरांनी, तेही नोटरीच, आणि ती लागली एका चुकीमुळे. आत्याचं लग्न मोडलं, तेव्हा नातेवाइकांनी सल्ले दिले आणि सरांनी काम दिलं. आपल्या टेबलाशेजारी खुर्ची टाकली, सहा वर्षं शिकवलं, परीक्षेला बसवलं. ती नोटरी झाली त्या पहिल्याच आठवड्यात एक बाई भावाबरोबर आली, सही केली, आत्यानं शिक्का मारला. संध्याकाळी बाई पुन्हा दारात. "मीटर कधी बसेल हो?" विजेच्या मीटरचा अर्ज समजून तिनं दुकानातला आपला हिस्सा भावाला लिहून दिला होता!

सरांनी भावाला बोलावून असं झापलं, की त्यानं स्वतःच्या हातानं कागद फाडला. नवा कागद झाला. दुकान भावाचं, मागची खोली तहहयात बहिणीची, आणि खोलीला रस्त्याकडून वेगळं दार. आत्याला मात्र सर एवढंच म्हणाले, "उद्यापासून विचारायचं." ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं ती अजून म्हणते.

पुढे सर नोटरींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले आणि आत्या चिटणीस. सत्तावीस देशांचे नोटरी एका हॉलमध्ये बसले की काय होतं, ते बघण्यासारखं असतं. कुणाचाच कुणाच्या सहीवर विश्वास नाही. हजेरीचा कागद फिरला की तिसरा माणूस विचारणार, ही पहिली सही कुणासमोर झाली? मागच्या सभेचं इतिवृत्त 'वाचलं' म्हणायचं की 'मंजूर केलं', याचा कीस पाडता पाडता एकदा सगळ्यांचं जेवण गार झालं. उपाध्यक्ष तर प्रत्येक वाक्याला एक शेपूट जोडतात, म्हणून आत्या घरी त्यांना पोटकलम म्हणते.

खरं भांडण एकच होतं. मोठ्या देशांना नोटरींच्या संख्येप्रमाणे मतं हवी होती, छोट्यांना प्रत्येक देशाला एक मत हवं होतं. दोन्ही गटांना चालणारा माणूसही एकच, आमचे सर. ते खुर्चीत बसून नुसते "हं, बोला" म्हणाले तरी माणसं नरमायची. त्यांच्यामुळे संघटना आठ वर्षं टिकली, असं मी नाही, पोटकलमच म्हणायचे.

यंदाची सभा आमच्याच शहरात होती. सर तिसऱ्यांदा बिनविरोध निवडून आले. आत्याचा गुडघा धरला होता, म्हणून शिक्क्याची पेटी उचलायला मी गेले. सकाळी सरांनी मला विचारलं, "तू कुणाची गं?" मी सांगितलं. चहाच्या वेळी पुन्हा विचारलं, "तू कुणाची?" मी हसले. आत्या हसली नाही.

"किती दिवस चाललंय हे?" मी तिला बाजूला घेऊन विचारलं.

"वर्ष झालं. त्यांची मुलगी म्हणते, आता घरी बसू दे. कुणी बसू देत नाही, आणि मीही गप्प बसले."

राहिलं होतं पद स्वीकारल्याचं संमतिपत्र. निवडून आलेल्या अध्यक्षानं चिटणिसासमोर त्यावर सही करायची, आणि चिटणिसानं त्यालाही इतर कुणासारखंच तपासायचं, हा नियम संघटनेच्या घटनेत सरांनीच हट्टानं घालून घेतला होता. त्या सहीशिवाय निवड धरली जात नाही.

हॉलशेजारी एक छोटी खोली होती, एका भिंतीला जास्तीच्या खुर्च्या रचून ठेवलेल्या. सर टेबलाशी बसले, समोर आत्या, आणि मी पेटी आत्यापुढे ठेवून दाराजवळ. तेवढ्यात पोटकलम आत डोकावले.

"ताई, औपचारिकताच आहे. सगळे टाळ्या वाजवायला थांबलेत. सर नसतील तर मोठे देश दुपारीच बाहेर पडतील, आणि नाही पडले तरी छोटे पडतील, आणि कुणीच नाही पडलं तरी…"

"दार लावून घ्या," आत्या म्हणाली.

त्यांनी बाहेरून दार लावलं. सरांनी संमतिपत्र वाचलं आणि कुणी न सांगता पालथं ठेवलं. आत्यानं चष्म्यावरून पाहिलं.

"सर, आता तोंडानं सांगा. यात काय लिहिलंय?"

सर खुशीत बोलायला लागले. आवाज तोच, ठाम. एकही शब्द अडला नाही. "दुकान भावाचं. मागची खोली तहहयात बहिणीची. खोलीला रस्त्याकडून वेगळं दार, आणि ते भावानं कधीही बंद करायचं नाही."

दाराबाहेर कुणी ऐकलं असतं तर म्हटलं असतं, वा, काय स्मरणशक्ती! आत्यानं पेटीकडे हात नेला आणि तो तसाच झाकणावर राहिला. मी, खरं सांगते, मनात म्हणत होते, मार शिक्का. कुणाला कळणार आहे? आठ वर्षांचं सगळं टिकेल, सरांची अब्रू राहील, तुझंही पद राहील.

पंचेचाळीस वर्षं शिक्का मारलेल्या माणसाला थांबलेला हात कळतो. सरांनी तिच्या हाताकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"चुकलं का गं?"

"हो, सर."

पालथा कागद सरांनी उलटला, पुन्हा वाचला, पुन्हा पालथा ठेवला. ओठ हलले, पण शब्द आला नाही. त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी खुर्च्या मोजत बसले.

"मग मारू नकोस," ते म्हणाले. "हा कागद काही मला जमायचा नाही. मला सांगता येईल असा एक कर."

आत्यानं कोरा कागद घेतला. शब्दाशब्दाला कलम शोधणारी ती बाई, तिनं एकाच ओळीत सगळं संपवलं आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. सरांनी वाचला, पालथा ठेवला आणि तिच्या डोळ्यांत बघून म्हणाले,

"मी थकलोय. अध्यक्षपद सोडून घरी जातोय."

अगदी तेच लिहिलं होतं.

त्यांनी सही केली. आत्यानं शिक्का मारला, तारीख घातली, नोंदवही पुढे केली आणि त्यांचा अंगठा धरून शाईवर टेकवला. मग तो अंगठा तिला सोडवेना. तिला रडू फुटलं. पोटकलम दार उघडून आत आले, त्यांनी ती ओळ वाचली आणि पहिल्यांदाच तिला शेपूट जोडलं नाही.

सरांनी दुसऱ्या हातानं तिच्या डोक्यावर थोपटलं.

"रडतेस कशाला?" ते म्हणाले. "विचारलंस ना मला? झालं तर मग."