फुटलेला स्पीकर

बाळांनो, काल व्हिडिओ कॉलवर आजोबांच्या कपाळावरची पट्टी पाहून तुम्ही विचारलंत, तेव्हा ते म्हणाले, ‘बाथरूममध्ये घसरलो.’ ते खरं नाही, म्हणून मी, तुमची आजी, हे लिहिते आहे.

परवा खालच्या मजल्यावरच्या पूजाची हळद होती. अंगणात डीजे सुरू झाला तशी आमच्या खिडकीची तावदानं थडथडू लागली. ‘याला गाणं म्हणतात? नुसती हाणामारी आहे,’ असं म्हणत आजोबा काठी घेऊन उतरले आणि त्यांनी स्पीकरच फोडला. पूजाच्या मामाने त्यांची कॉलर धरली. ‘म्हातारे आहात म्हणून सोडतोय,’ म्हणाला आणि ढकलून दिलं. पायरीची कड लागली. पांढरा सदरा रक्ताने भरला.

पूजा धावत आली. अंगाला लागलेली हळद ओरबाडून तिने ती जखमेत दाबली. ‘आजोबा, माझं आवडतं गाणं चाललं होतं हो,’ एवढंच म्हणाली.

तिचा तो चेहरा माझ्या ओळखीचा होता. मी कॉलेजात असताना सिनेमाचं गाणं ऐकते म्हणून माझ्या वडिलांनी रेडिओ भिंतीवर आपटला होता. ‘असला धिंगाणा आपल्या घरात चालणार नाही,’ असं ते म्हणाले होते. आज तेच गाणं आजोबा खरं संगीत म्हणून डोळे मिटून ऐकतात. पूजाचं गाणं त्या तोडीचं आहे का, हे मला सांगता येत नाही. ते तिच्या म्हातारपणी कळेल.

रेडिओचे तुकडे आईने त्याच दिवशी केरात टाकले. गाणं मला अजून पाठ आहे.