चिमीचा अंगठा

सकाळी सहा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि कपवाली एका वाडग्याचं पोट खरवडत होती. वाडगा डाव्या तळहातावर पालथा, उजव्या हातात पत्र्याची बोटभर पट्टी. पट्टी फिरली की पेन्सिलला टोक काढताना निघते तशी पांढरी साल निघायची आणि खाली पसरलेल्या ओल्या फडक्यावर पडायची. गॅरेजचं शटर गुडघ्याइतकंच उघडं होतं. वारा लागला तर चिनी मातीची कड आधी वाळते, पोट मागे राहतं आणि मधे चीर जाते. म्हणून गॅरेजात पंखा नाही आणि उन्हाळ्यातही कुणी त्याबद्दल बोलायचं नाही.

गल्लीत तिला कपवाली म्हणतात. ती वाडगे करते, ताटल्या करते, झाकणाचे डबे करते. कप त्यात सगळ्यात कमी. पण नाव चिकटलं ते चिकटलं. नवरा वायरमन. त्यालाही गल्ली वायरमनच म्हणते, पण त्याला त्याचं काही वाटत नाही. तिला वाटतं. तिला बऱ्याच गोष्टींचं वाटतं. झोपेत ती दात खाते, इतकी की दाढेचा एक तुकडा उडाला आणि तिला दातांच्या डॉक्टरकडे खेटे घालावे लागले.

चाक ती वापरत नाही. मातीचा गोळा घेते, अंगठ्याने मधे खळगा करते आणि चिमटीत धरून भिंत वर चढवत नेते. चिनी माती हाताला लोण्यासारखी लागते आणि लोण्यासारखीच बसते. जरा जास्त पाणी झालं की सगळा वाडगा मांडी घालून खाली. उभा राहिलाच, तर अर्धवट वाळल्यावर त्याच्यावरचा बोटांचा प्रत्येक ठसा ती खरवडून काढते. शेवटी ओला स्पंज. भिंत इतकी पातळ होते की भाजल्यावर वाडगा दिव्यासमोर धरला तर पलीकडची बोटं दिसतात. आपण केलंय हे वस्तूवर कुठेही दिसता कामा नये, हा तिचा हट्ट.

हा हट्ट कुठून आला ते सांगायला हवं. आधी ती एका कारखान्यात होती. तिथे बेसिनं आणि संडासाची भांडी साच्यात ओतून काढत. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे मालावर एक बारीक शिवण उठते. ती शिवण स्पंजने पुसायची, एवढंच तिचं काम. लग्नाआधी लागली ती पाठ धरेपर्यंत शिवणी पुसत राहिली. सोडून आली तेव्हा वायरमनला म्हणाली, "पुन्हा साच्याचं तोंड बघायची नाही." त्याने गॅरेजात जुनी विजेची भट्टी दुरुस्त करून बसवून दिली आणि स्कूटर कायमची रस्त्यावर गेली.

अशा बाईला गेल्या वर्षी कलाबाजारात बाजाराच्या चिटणिसांनी विचारलं, "फिनिशिंग छान आहे हो. साचा कुठून आणता?"

तिने दिलेलं उत्तर छापण्यासारखं नव्हतं. बाजाराच्या पुढच्या बाजूला झाडांखाली हातघडणीची रांग असते. दुपारपर्यंत तिचा स्टॉल तिथून उचलून मागे क्रोकरीच्या रांगेत गेला. एका बाजूला थर्मास, दुसऱ्या बाजूला प्लॅस्टिकच्या ताटल्या, पाठीशी जनरेटर. विक्रीला तिची नणंद चिमी उभी होती. ती कानात कापूस घालून ओरडून भाव सांगत होती.

चिमी पन्नाशीची आहे, अंगाने भरपूर, पण लहानपणीचं नाव सुटलेलं नाही. गॅरेजातलं बांधणं, गुंडाळणं, गिऱ्हाइकांशी बोलणं हे सगळं तिच्याकडे. कपवालीला गिऱ्हाइकाशी बोलू द्यायचं नाही, यावर घरात एकमत आहे.

यंदा पुढच्या रांगेत जागा हवी असेल तर नमुने आधी ऑफिसात आणून दाखवायचे, असा चिटणिसांचा निरोप आला. तो चिमीने आणला.

"वहिनी, ते म्हणाले, यंदा हात दिसला पाहिजे."

"हात? ज्योतिषी आहेत का ते?"

"तसं नाही गं. वस्तूवर हाताची खूण दिसली पाहिजे. म्हणजे लोकांना कळतं, हाताने केलंय."

"मला हातच दाखवायचा असेल ना, तर त्यांना समोर येऊ दे. चांगला दाखवते."

"हे बघ, असं तू बोलतेस आणि जनरेटरशेजारी मी उभी राहते."

कपवाली पट्टी घेऊन वळली. तिच्या बाजूने विषय संपला होता. चिमीच्या बाजूने नव्हता.

बाजाराला तीन आठवडे उरले असताना कपवाली दाढेसाठी गेली. तेव्हा फळीवर बारा वाडगे होते, नुकतेच खरवडलेले. या वर्षीचं सगळ्यात चांगलं काम तेच, हे तीही मान्य करत होती, आणि ती असलं काही सहज मान्य करत नाही. माती थंड, घट्ट, पण अजून दाबली तर दबेल अशी होती.

ती परतली तेव्हा अर्धा जबडा बधिर होता. फळीवरच्या प्रत्येक वाडग्याच्या पोटावर, खालच्या अंगाला, एक गुळगुळीत खळगा होता. बाराच्या बारा. चिमी शेजारी उभी होती, हात धुऊन.

"कसं वाटतंय?" चिमी म्हणाली. "सगळ्यांना एकाच जागी केलंय. वाकडंतिकडं नाही."

कपवालीने आधी पर्स खाली ठेवली.

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? एवढा एक अंगठा. धरायलासुद्धा बरं पडतं."

"मी आठ दिवस खरवडतेय. आठ दिवस! आणि तू आलीस आणि अंगठा उठवलास? निरक्षर बाई सहीला उठवते तसा?" जबडा बधिर असल्यामुळे "सहीला" नीट उमटलं नाही, आणि चिमीला हसू आलं. ते हसू अगदीच अवेळी आलं.

आवाज ऐकून वायरमन आत आला. त्याने फळी बघितली, बहिणीकडे बघितलं, बायकोकडे बघायचं टाळलं.

"मोड आणि नवे कर," तो म्हणाला.

"कधी वाळायचे? कधी भाजायचे? तुम्ही फुंकर मारणार आहात?"

तिने पहिला वाडगा उचलला, आतून बोट घातलं आणि खळगा बाहेर ढकलला. वरून पट्टी फिरवली, स्पंज फिरवला. खळगा गेला. मग दुसरा, मग तिसरा. रागात तिचे हात भराभर चालतात. संध्याकाळपर्यंत बाराही वाडगे पूर्वीसारखे दिसू लागले.

इथे तिचं चुकलं, आणि आपण चुकतोय हे तिला माहीत होतं. चिनी मातीला आठवण असते. या धंद्यातला प्रत्येक जण हे पहिल्या महिन्यात शिकतो. ओल्या मातीला एकदा वाकवलं की परत सरळ करून उपयोग नसतो. हाताखाली ती सरळ होते, पण शेवटच्या मोठ्या आचेत मऊ पडली की पुन्हा तिथेच वाकते. असा वाडगा मोडून गोळ्यात घालायचा असतो. नवशिक्याने तिच्यासमोर ढकलाढकली केली असती, तर तिने त्याच्या हातातून वाडगा काढून घेतला असता.

पहिली भाजणी झाली. वाडगे खडूसारखे कोरडे आणि गुळगुळीत निघाले. चिमीने एकेक फिरवून पाहिला.

"झालं की! उगाच घर डोक्यावर घेतलंस."

कपवाली झिलईच्या बादलीत काठी फिरवत राहिली.

दुसऱ्या भाजणीनंतर भट्टी निवायला दीड दिवस लागला. झाकण वायरमनने उघडलं. पांढरे, चकचकीत वाडगे. तिने पहिला बाहेर काढला, अंगठा पोटावरून खाली नेला आणि तो घसरून खळग्यात गेला. खळगा पूर्वीइतका खोल नव्हता. पण जागा तीच होती. दुसऱ्यालाही होता. बाराव्यालाही होता.

चिमीने एक हातात घेतला. तिचा अंगठा त्यात बरोब्बर बसला.

"अगं बाई," ती म्हणाली. यावेळी हसली नाही.

"मातीच्या सगळं लक्षात राहतं," कपवाली म्हणाली. "तुझ्याच लक्षात काही राहत नाही."

त्यानंतर घरातलं बोलणं वायरमनच्या मार्फत सुरू झालं. "तुमच्या बहिणीला म्हणावं, खोकी बांधून ठेव." "दादा, तिला सांग, बांधलीत." वायरमन दोघींच्या मधे उभा राहून दोन्ही निरोप पोचवायचा, जणू दोघी वेगवेगळ्या गावी राहतात.

नमुन्याचं खोकंही चिमीनेच बांधलं. कपवालीने गेल्या महिन्यातले बिनखळग्याचे वाडगे काढून ठेवले होते. चिटणिसांच्या टेबलावर खोकं उघडलं, तेव्हा सगळ्यात वर चिमीच्या अंगठ्याचा वाडगा होता.

चिटणीस साठीचे, मऊ बोलणारे गृहस्थ. त्यांनी वाडगा उचलला, बोट फिरवलं, खळग्यात अंगठा टेकवला आणि खुर्चीत मागे रेलले.

"हां! आता कसं! आता कळतं, माणसाने केलंय. गेल्या वर्षी हेच म्हणत होतो मी."

"हा माझा हात नाही," कपवाली म्हणाली.

"म्हणजे?"

"तो अंगठा हिचा आहे. मी तो काढून टाकत होते. निघाला नाही."

चिटणिसांनी चिमीकडे पाहिलं. चिमीने अंगठा वर करून दाखवला.

"घरचाच आहे ना? मग काय बिघडलं?" ते खरंच समजूत घालत होते. "पुढच्या रांगेत जागा देतो. फक्त नमुना तसा माल. स्टॉलवर असेच वाडगे हवेत. हे बाकीचे," त्यांनी खोक्यातला गुळगुळीत वाडगा बोटाने जरा बाजूला सारला, "हे मागे चालतील."

"यातला कुठला वाडगा साच्यातला आहे?"

"अहो, एकही नसेल. पण गिऱ्हाइकाला तसं वाटायला नको?"

कपवालीने खळग्याचा वाडगा त्यांच्या हातातून काढून घेतला, कागदात गुंडाळला आणि खोक्यात ठेवला.

"मग मागचीच रांग लिहा."

"वहिनी!" चिमी म्हणाली. निरोप्या मधे नसताना ती कित्येक दिवसांनी बोलत होती.

"लिहा म्हणते ना."

बाहेर आल्यावर चिमी फुटपाथवरच थांबली. "हट्ट तुझा आणि पाय माझे! दोन दिवस जनरेटरचा धूर कोण खाणार? तू? तू तर गिऱ्हाइकाला दोन वाक्यांत घालवून देशील!"

"मी उभी राहीन."

"तू?"

"मी. साचा कुठून आणला, असं विचारायला येऊ दे कुणाला."

"अरे देवा," चिमी म्हणाली. "म्हणजे मला तिथे यावंच लागणार."

घरी पोचेपर्यंत दोघी भांडत होत्या. बारा वाडग्यांतला एक वायरमनने स्क्रू ठेवायला मागितला. बाकीचे कपवालीने हातोडीने फोडले, एकेक करून, शटर पूर्ण उघडं ठेवून. चिमी दारात उभी राहून बघत होती. थांब म्हणाली नाही. झाडूही आणला नाही.

बाजार उद्या भरतो. हातघडणीच्या रांगेसाठी पुढचं फाटक साडेआठला उघडतं. क्रोकरीच्या रांगेतल्या गाड्यांना मागच्या फाटकाने सातच्या आत माल उतरवावा लागतो; त्यानंतर तिथे जनरेटर आणून लावतात. दोघींना सातच्या आत तिथे पोचायचं आहे.