मिलिंदचा ढोल

मेलेल्या पोराचा ढोल तिनं माझ्या गळ्यात अडकवला होता.

काल ती गेली. कौसामावशी, आमच्या बोरी गावची. वय नव्वदच्या आसपास. नक्की किती, ते तिलाही माहीत नव्हतं.

सत्तरच्या दशकात आमच्या शाळेत बँड होता. दोन बिगूल, चार छोटे ड्रम, सहा बासऱ्या (त्यातल्या दोन वाजायच्या) आणि एक मोठा ढोल.

तो ढोल मिलिंदकडे. मिलिंद कौसामावशीचा थोरला.

दरवर्षी जूनमध्ये बँडला नवी पोरं आली की त्यांचे आईबाप घाबरून शाळेच्या फाटकाशी जमायचे. तेव्हा पेरेंट्स मीटिंग नावाचा प्रकार नव्हता.

कौसामावशी होती.

तिला कुणी नेमलं नव्हतं. बौद्धवाड्यातून शेतावर कामाला जाताना ती वाटेत थांबायची आणि समजावून सांगायची.

"पोरगं बिघडायलं न्हाई, शिकायलंय. परेडीच्या दिशी पोटभर जेवू घालू नगा, उन्हात ओकतेत. गूळपानी द्या. बुटाला खडू भिजवून लावा. चुना नगा लावू, पाय भाजतेत."

चुना लावलेला एक बाप तिथंच उभा असायचा. तो मान खाली घालायचा.

मग एका उन्हाळ्यात मिलिंद मुदतीच्या तापानं गेला. नववीची परीक्षा नुकतीच झाली होती.

जूनमध्ये शाळा उघडली. ढोल कोपऱ्यात पडून.

पीटीचे सर घरोघर फिरले. एकही आईबाप तयार होईना. "मेलेल्याचं हाय, सर. लेकराच्या गळ्यात कसं घालावं?"

शेवटी सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी आठवीत. संस्कृतातल्या अवग्रहासारखा (ऽ) बारीक आणि तितकाच वाकडा. यावरून सर किती हताश झाले होते ते कळेल.

माझे वडील, अप्पा, संस्कृतचे शिक्षक. त्यांनी तीन कारणं काढली.

एक, ढोलाला चामडं असतं.

दोन, मेलेल्याचा आहे.

तिसरं त्यांनी सांगितलं नाही. ते अख्ख्या गावाला माहीत होतं.

आठवडाभरानं कौसामावशी स्वतः आमच्या अंगणात आली. आई ओसरीवर सुपात तांदूळ निवडत होती.

"काकू, पोरगं द्या ढोलाला."

"मन धजत नाही हो, कौसाबाई."

"माझ्या मिलिंदला ढोलानं न्हाई नेलं, काकू. तापानं नेलं. दोन साल ढोल गळ्यात होता, एक दिस शिंकला न्हाई."

आतून अप्पा म्हणाले, "अशौच असतं, कौसाबाई."

"किती दिसाचं असतंय, गुरुजी?"

"दहा."

"मग तीन महिने झाले की."

अप्पांनी आयुष्यात भल्याभल्यांशी वाद घातले. हरलेले मी एकदाच पाहिले.

मग ती आईकडे वळली. आवाज एकदम खाली आला.

"द्या, न द्या, तुमची मर्जी. पर ढोल तसाच पडला तर लोक म्हनतील, मिलिंदचा ढोल पोरं खातोय. लेकरू गेलं ते गेलं, काकू. त्याच्या नावाला हे चिकटू नगा देऊ."

आईनं सुपातले दोन खडे वेचून बाजूला टाकले.

मग म्हणाली, "बुटाला काय लावायला सांगता तुम्ही फाटकाशी?"

एवढ्यावर ठरलं.

तिला पाणी विचारावं, हे आमच्या घरात कुणाला सुचलं नाही. मलासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी ग्राउंडवर तिनं ढोल माझ्या गळ्यात घातला. तो गुडघ्यांवर आपटू लागला. मिलिंद अंगानं आडवा होता, पट्टा त्याच्या मापाचा.

सर म्हणाले, "कापून टाकू."

"कापू नगा, सर. दुमडा. ह्यो बी वाढंल की."

तिथंच बसून तिनं दाभणानं, सुतळीनं पट्टा दुमडून शिवला.

पंधरा ऑगस्टला आईबापांची रांग शाळेपुढं. आई पहिल्यांदाच आलेली, भेदरलेली. शेजारी कौसामावशी. दोघींमध्ये वीतभर अंतर होतं. ते आईनं ठेवलं होतं.

"काकू, तोंड बघू नगा. तोंड बघितलं की पोरं लाजतेत, चुकतेत. पाय बघा. डावा पाय पडला की ढोल वाजला पायजे."

मला यातलं काही माहीत नव्हतं. ढोलापलीकडचं मला दिसतच नव्हतं. डावा, ठोका. डावा, ठोका. एकदाही चुकलो नाही. माझ्या आयुष्यात हे वारंवार घडलेलं नाही.

पुढच्या जूनमध्ये तीन घरांतून सरांकडे निरोप आला. आमच्या पोराला मिलिंदचा ढोल मिळंल का?

मी बाजूला झालो. सरांनी फार आग्रह केला नाही.

फाटकाशी मग दोघी उभ्या राहू लागल्या, कौसामावशी आणि आई. वीतभराचं ते अंतर कधी गेलं, आईला विचारायचं राहून गेलं.

त्या पंधरा ऑगस्टचं मला आईनं सांगितलं ते फार उशिरा, तिच्या शेवटच्या आजारपणात.

"मी दोनदा तुझं तोंड बघितलं रे. राहवलं नाही. ती मात्र सबंध परेडभर पायाकडंच बघत होती. पांढऱ्या बुटांकडं.

एकदाही मान वर केली नाही तिनं.

वर केली असती तर तू दिसला असतास."

आज सकाळी बोरीहून फोन आला तेव्हा मला एवढंच आठवलं.

कौसामावशी, श्रद्धांजली वगैरे शब्द तुझ्यापुढं जड वाटतात. ते माझ्यापाशीच ठेवतो.

तुला अखेरचा जयभीम.

खरं सांगायचं तर, माझ्याकडून पहिलाच.