झोळीभोवतीचा गलका

फोन नीट कानाला लाव गं चिमे. शब्दाचा अर्थ विचारायचा असला की बरी आजीची आठवण येते तुला. गलका म्हणजे काय, ते सांगते.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही बायका कर्जतच्या रस्त्यावर खडी फोडायला जायचो. तान्ही तुझी आई बाभळीला बांधलेल्या झोळीत निजायची. एका दुपारी बघते तर झोळी रिकामी. मी ओरडले, तशा साऱ्याजणी हातोडे टाकून धावल्या. कुणी म्हणे लांडग्यानं नेली, कुणी म्हणे विहिरीकडं बघा. सगळ्या एकदम बोलत होत्या आणि एकीचंही कळत नव्हतं. तोंडात आलेली दगडाच्या धुळीची चव मला अजून आठवते.

तेवढ्यात रस्त्याखालच्या मोरीतून आमच्यातलीच म्हातारी हवाबी वाकत बाहेर आली. खांद्यावर तुझी आई, गाढ झोपलेली.

"झोळीवर ऊन आलं हुतं, म्हणून सावलीला नेली. गलका कशाचा गं एवढा? उठंल की पोर."

मग सगळ्या अशा हसत-रडत सुटल्या, की तुझी आई उठलीच. तोही गलकाच, बाई. आज वाटतं, माझ्या एका हाकेवर एवढा गलका करणारी माणसं होती.

आता घर फार गप्प असतं. आईला घेऊन लवकर ये.