कोरडं बेअरिंग

कोलकात्यात, सॉल्ट लेकमध्ये परवा ऑटोच्या चाकात ग्रीस भरत होते. त्या वासानं मला बेहाला विमानतळावरचा हँगर आठवला.

तिथे जुन्या विमानाची उडू शकणारी प्रतिकृती मी आणि माझ्याहून अनुभवी मेकॅनिक सुहासदादानं मिळून उभी केली होती. चाकांची बेअरिंग्ज मी रॉकेलनं धुऊन फडक्यावर वाळत ठेवली होती.

"आई आजारी आहे ना? तू जा, ग्रीस मी भरतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी धावपट्टीवर चाक जाम झालं, विमान कलंडलं आणि वैमानिकाचा हात मोडला. बेअरिंग कोरडंच निघालं.

हँगरच्या साहेबांनी विचारल्यावर सुहासदादा माझ्याकडे बघत शांतपणे म्हणाला, "चाकांचं काम हिच्याकडे होतं."

मी गप्प राहिले. सगळ्यांना वाटलं, मी चूक कबूल केली. मी मात्र तो पुढे खरं बोलेल म्हणून थांबले होते.